डिसेंबरातला आंबा

फहाहीलला थंडी पडली की
खिडकीच्या फटीतून वाळू येते, आंबा येत नाही.
म्हणून त्या गुरुवारी
निहारच्या दप्तराची चेन उघडली तेव्हा
मी आधी थबकलो, मग हुंगलं,
मग सुनेत्राला हाक मारणार होतो,
अगं, हापूस आलाय का कुठून?

भूगोलाच्या वहीखाली, मोज्याच्या आत
करंगळीएवढी निळी नळी.
खोडरबरासारखी मऊ.
टोकाशी अजून कोमट.
वर आंब्याची फोड छापलेली,
फोडीवर दवाचे थेंबसुद्धा,
कुणीतरी बसून, मन लावून काढलेले.

मी रिफायनरीत गॅस शोधतो. पोटासाठी एवढंच करतो.
छातीवर डिटेक्टर. रोज सकाळी त्याला
थोडं विष पाजून बघायचं, ओरडतोय ना.
ओरडला की दिवस सुरू.
सडक्या अंड्याचा वास येणारा गॅस त्यातल्या त्यात सभ्य,
आत शिरण्याआधी दार वाजवतो.
पण जास्त झाला की पहिल्यांदा नाकच मारतो,
आणि माणसाला वाटतं, गेला वास, बरं झालं.
नव्या पोरांना हे सांगतो तेव्हा
मागच्या बाकावरचे हसतात.
एखादा हसत नाही.

स्वयंपाकाच्या गॅसला तर
स्वतःचा वास असतोच कुठे?
आम्ही मुद्दाम घालतो त्यात घाण,
थेंबाथेंबाने, मोजून,
म्हणजे कुठल्याशा खोलीत अपरात्री नळी सुटली
तर कुणाची तरी आई नाक मुरडत उठेल.
सतरा वर्षं झाली.
विषाला दुर्गंध देणाऱ्या लोकांत माझी रोजीरोटी.
आणि हा कोण,
कुठल्या शहरात, कुठल्या स्वच्छ टेबलाशी बसून
विषाला आंब्याचा वास देणारा?
त्याला मुलं असतील का?
घरी जाताना तो त्यांना काय खाऊ नेत असेल?

रात्री निहारला घेऊन गच्चीवर गेलो.
अहमदीच्या बाजूला चिमणीवरची ज्वाळा हलत होती.
सुनेत्राने बजावलं होतं,
हात उगारायचा नाही, प्रवचन द्यायचं नाही.
मी सुरुवात प्रवचनानेच केली.
फुप्फुसं, निकोटीन, तिसऱ्या मजल्यावरचा तो मोठा मुलगा.
तो ऐकत होता,
बुटाच्या टोकाने वाळूची रेघ ओढत.
मग म्हणाला,
"याला निदान घाण वास येत नाही, बाबा.
तुम्ही जिन्यात ओढून
वेलदोडा चघळत घरात येता ना,
मी पहिलीत असल्यापासून ओळखतो.
मला वाटायचं, बाबांचा वासच तो.
वेलदोडा, आणि त्याच्याखाली काहीतरी जळलेलं."

छातीवर डिटेक्टर नव्हता.
असता तर ओरडला असता.

मी खिशातलं पाकीट काढलं.
फेकलं नाही, सिनेमात फेकतात.
कठड्यावर ठेवलं, शेजारी ती निळी नळी,
आणि आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत बसलो
जसे घरात पाहुणे आलेत
आणि उठायचं नावच घेत नाहीयेत.
"सुटतं का?" त्याने विचारलं.
खोटं अगदी ओठांवर आलं होतं.
"माहीत नाही," म्हणालो. "मी तीनदा सोडलंय."
"मग चौथ्यांदा?"
"तू असशील तर."
तेरा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर
आपलं ओझं टेकवणं बरोबर होतं का,
मला अजून कळलेलं नाही.

मेमध्ये देवगडहून मेव्हण्याची पेटी आली.
गवत, जुनं वर्तमानपत्र, खालच्या थरात दोन डागी.
मधल्या महिन्यांत एकदा त्याने, दोनदा मी
एकमेकांपाशी कबुली दिलेली आहे.
निहारने एक फळ उचललं,
देठापाशी नाक नेलं आणि तिथेच थांबला.
कपाळावर आठी.
"हा वेगळाच आहे," म्हणाला.
"याला थोडा चिकाचा वास येतो."
मी काही बोललो नाही.
सुनेत्रा आतून विचारत होती,
सुरी कुठे ठेवलीत तुम्ही लोकांनी.
त्याने पुन्हा एकदा हुंगलं.